आठवीला गुप्तलिपी शिकवताना : प्रोजेक्टर, टिचबटणं आणि मधेच येणारा ॐ

आधी परिस्थिती सांगते. अमरावती जिल्ह्यातली मराठी माध्यमाची शाळा, आठवीचा वर्ग, पट ३८. मी गणित-विज्ञान शिकवते. शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटचे दोन तास मोकळे मिळाले, त्यात क्रिप्टोग्राफी घ्यायची ठरवली, कारण पोरं दिवसभर व्हॉट्सॲपवर असतात आणि घरी ओटीपी कुणालाही सांगून मोकळी होतात. हाताशी एक प्रोजेक्टर (नववीशी भांडून घ्यावा लागतो), माझा लॅपटॉप, माझा मोबाइल आणि लॅबमधले कॉम्प्युटर, दहा आहेत त्यातले सहा सुरू होतात. दुसऱ्या कुणाला हे करायचं असेल तर त्यांचे तरी शनिवार वाचावेत म्हणून नोंदी ठेवतेय.

५ जुलै, शनिवार

पहिलाच दिवस वाया. निदान तासाभरापर्यंत तरी तसंच वाटत होतं.

एनिग्मा मशीनवरचा (दुसऱ्या महायुद्धातलं जर्मनांचं गुप्त निरोप लिहायचं यंत्र) १८ मिनिटांचा इंग्रजी व्हिडिओ दाखवला, दर दोन मिनिटांनी थांबवून मी मराठीत सांगणार असा प्लॅन. खिडक्यांना पडदे नाहीत, भिंतीवर चित्र फिकं, मागच्या तीन बाकांना काहीच दिसेना. सातव्या मिनिटाला अर्धा वर्ग पंख्याकडे बघत होता. तेवढ्यात मागून एक मुलगी हळूच शेजारणीला म्हणाली, "चटाळाकं चलाआ."

मी म्हटलं, "मलाही चलायआ." वर्ग एकदम चिडीचूप. मॅडमला चची भाषा येते हे त्यांना माहीतच नव्हतं. व्हिडिओ बंद केला आणि उरलेला वेळ फक्त त्यावर घालवला. पहिलं अक्षर शेवटी टाकायचं, पुढे च लावायचा, बस. मग विचारलं की ही भाषा मला कळली, आता तुमचं गुपित कसं राहणार? एक जण म्हणाला, "च च्या जागी प लावू." दुसरा म्हणाला, "मॅडमले काय, थे बी समजते." पद्धत माहीत असली तरी फोडता येऊ नये असं काय असेल, या प्रश्नावर घंटा वाजली. किल्ली (निरोप उघडायला लागणारा गुपित आकडा) हा शब्द अजून कुणी उच्चारलेला नाही, मीही मुद्दाम उच्चारला नाही.

धडा माझ्यासाठी : व्हिडिओ आधी नाही. हाताने काहीतरी करून झाल्यावर.

१२ जुलै, शनिवार

सीझरचं चक्र. दोन गोल, एक मोठा एक लहान, दोन्हींच्या कडेने अक्षरं, मधे खिळा, लहान गोल तीन घरं फिरवला की प्रत्येक अक्षराच्या जागी तीन घरं पुढचं, म्हणजे किल्ली ३. ज्युलियस सीझर तीनच घरं सरकवायचा म्हणतात.

नेटवरून ए ते झेडचं २६ घरांचं चक्र प्रिंट करून नेलं होतं, ७५ रुपये गेले. फसलं. पोरांना आधी वाक्य मराठीत सुचतं, मग त्याचं इंग्रजी करायचं, मग स्पेलिंग, मग चक्र. एकाने निरोप उघडला तर समोरच्याचं स्पेलिंगच चुकलेलं, त्याला वाटलं आपली किल्ली चुकली. अर्धा तास त्यातच.

मग तिथल्या तिथे ठरवलं, देवनागरीचं चक्र करू. फळ्यावर मोजलं, क पासून ह पर्यंत ३३ आणि ळ धरून ३४ व्यंजनं. ३६० भागिले ३४ म्हणजे १०.५८ आणि पुढे. कंपासपेटीतल्या कोनमापकाने हे कोण आखणार? तरी दोन गटांनी प्रयत्न केला, शेवटचं घर एकाचं जाडजूड आणि दुसऱ्याचं नुसती रेघ. मग पहिल्या बाकावरून आवाज आला, "क्ष आन् ज्ञ राह्यले ना मॅडम." ३६! बरोबर दहा-दहा अंश. मला आदल्या रात्री सुचायला हवं होतं.

खिळ्याचं सांगते, कारण त्यात सगळ्यात जास्त वेळ गेला. पुठ्ठा आणि ड्रॉइंग पिन, दोन पोरांना टोचली, चक्र पाच मिनिटांत सुटलं. मग शिवणाच्या डब्यातली टिचबटणं. पुठ्ठ्यातून बटणाचं टोक पलीकडे पोचतच नाही. कार्डशीट वापरली, तेव्हा खट्कन बसलं आणि छान फिरतं. कार्डशीट १८० रुपये, टिचबटणांची दोन पाकिटं ६० रुपये.

१९ जुलै, शनिवार

किल्ली ३ लावून मी फळ्यावर लिहिलं :

उप्वा क्षुढ्ढी आज्ञे

मात्रा, काना, वेलांटी, जोडाक्षर जसंच्या तसं ठेवायचं, फक्त व्यंजन सरकवायचं असा नियम. किल्ली सांगितली नव्हती. मला वाटलं पंधरा मिनिटं तरी घेतील, चार मिनिटांत फुटलं. कसं, तर "शेवटी आज्ञे म्हणजे आहेच असंन ना." मराठी वाक्य आणि शेवटी आहे, संपलं. ह चा ज्ञ झाला म्हणजे तीन घरं, मग बाकीचं वाचायला काय लागतं. उद्या सुट्टी आहे.

(उद्या रविवारच होता.)

इथे मी एनिग्माची गोष्ट सांगितली आणि या वेळी ती लागली. ब्लेचली पार्कवाल्यांनी (युद्धात जर्मन निरोप फोडणारं ब्रिटिशांचं केंद्र) नेमकं हेच केलं. जर्मन निरोपात हवामानाचा शब्द ठरलेला असायचा, तो कुठे बसतो ते शोधायचं. शिवाय एनिग्मात कुठलंही अक्षर स्वतःचं स्वतः कधीच व्हायचं नाही, त्यामुळे तो शब्द कुठे बसू शकत नाही हे आपोआप कळायचं. आणि त्याच्याही आधी, १९३२ सालीच, पोलंडमध्ये मारियन रेयेव्स्की नावाच्या गणितज्ञाने त्या मशीनच्या आतली जोडणी कागदावर काढली होती. पाच तारखेचा तोच व्हिडिओ, त्यातली फक्त चाकं फिरतानाची ४० सेकंदं आवाज बंद करून दाखवली. सगळे बघत होते. पडद्याऐवजी खिडकीला दोन सतरंज्या लावल्या, शिपाईकाकांची कृपा.

पण मात्रा उघड्या ठेवणं हे मोठं भोक आहे. आ_े असं काही दिसलं की आहे. ते कसं बुजवायचं ते मला आज माहीत नाही.

२२ जुलै, मंगळवार, रात्री

पोरांना चक्राने लिहायला वेळ लागतो, म्हणून कॉम्प्युटरवर करून मोठ्या पडद्यावर दाखवू म्हटलं. भाच्याने पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत तीन ओळींचं काहीतरी लिहून दिलं, प्रत्येक अक्षराच्या युनिकोड नंबरात (कॉम्प्युटरसाठी प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेला क्रमांक) ३ मिळवायचे. इंग्रजीत चालतं. मराठीत "उद्या" टाकलं तर आलं :

ऌऩॐलु

पाच मिनिटं हसत होते, मग कागद घेऊन बसले. युनिकोडमध्ये आपला काना, हलन्त, सगळी स्वतंत्र अक्षरं आहेत आणि ओळीने बसवलेली आहेत. हलन्ताच्या पुढे तिसऱ्या घरात ॐ आहे. म्हणजे जिथे जिथे जोडाक्षर, तिथे तिथे ॐ. कान्याचा उकार झाला. द च्या पुढे तिसरा प यायला हवा तर मधे एक नुक्तावाला, म्हणजे खाली टिंबवाला, ऩ बसलाय, तो मराठीत आपण वापरतच नाही. शब्दांमधल्या मोकळ्या जागेचा हॅश (#) झाला.

हे पोरांना तसंच दाखवायचं ठरवलं. दुरुस्त करून नाही.

२६ जुलै, शनिवार

लॅबचा दिवस आणि लॅब नाही. कॉम्प्युटर विंडोज ७ चे, नवीन स्क्रॅचला (मुलांसाठीचं, ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायचं सॉफ्टवेअर) विंडोज १० लागतं. हे मी शुक्रवारी बघायला हवं होतं, शनिवारी नऊ वाजता नाही. ३८ पोरं लॅबच्या दारात. परत वर्गात, एकच लॅपटॉप, प्रोजेक्टर, एकेक गट पुढे बोलावून.

ॐ वाला प्रकार आधी दाखवला. कुणाचं नाव टाकलं की ॐ येतो कुणाचं नाही, यावर पैजा लागल्या. जोडाक्षराशी संबंध आहे हे त्यांनीच दहा मिनिटांत काढलं. युनिकोड हा विषय मी शिकवणारच नव्हते, तो असा आपोआप शिकवून झाला.

मग स्क्रॅचमध्ये यादी करून : ३६ अक्षरांची लिस्ट, अक्षर उचल, यादीत कितवं ते बघ, ३ पुढचं घे, ३६ च्या पुढे गेलं तर परत क पासून. यादीत नसेल (मात्रा वगैरे) तर जसंच्या तसं. चाललं! आणि मग परीक्षा हा शब्द आला. चक्रावर भशीखा येतं. कॉम्प्युटर म्हणतो भशीघ्ळा. दोन्ही गट एकमेकांना चूक म्हणत होते.

दोष क्ष चा. आपल्याला ते एक अक्षर, कॉम्प्युटरला क, हलन्त आणि ष अशी तीन. उलट दिशेने तर आणखी मजा, चक्राने लिहिलेलं आज्ञे कॉम्प्युटरने उघडलं तर आङ्छे. यावर उपाय : आधी सगळे क्ष काढून तिथे १ आकडा आणि ज्ञ च्या जागी २ आकडा, यादीतही तसंच, शेवटी परत बदलायचे. मला हे करायला सोमवारची अख्खी संध्याकाळ लागली. त्यात मग दुसऱ्या, बिचाऱ्या असल्या शब्दांतला ऱ्या बाहेर उघडाच राहतो असं दिसलं, कारण तो ऱ युनिकोडमध्ये वेगळा र आहे. तो यादीत टाकला नाही, सुरुवातीलाच साधा र करून टाकला.

२ ऑगस्ट, शनिवार

आधी अपयश. मॉर्सचे (तारेच्या आखूड-लांब ठोक्यांची लिपी) टुकटुक आवाज ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये बनवले होते, दिराचा ब्लूटूथ स्पीकर आणला होता. स्पीकर शांत असला की झोपतो आणि आवाज आला की जागा होईपर्यंत पहिला टुक गिळतो. त्यामुळे पहिलं अक्षर प्रत्येक वेळी चूक. कारण कळेपर्यंत पोरांनी नाद सोडला. नंतर १२० रुपयांची ऑक्स केबल आणली, तिने नीट वाजतं, पण पत्र्याच्या वर्गात घुमतंच. मॉर्स पुढच्या वर्षी गाळणार. तसंही ती गुप्तलिपी नाहीच, चक्र कुणाकडेही नसलं तरी वाचता येते.

त्याऐवजी करपल्लवी. हा आतापर्यंतचा सगळ्यात चांगला तास झाला, आणि मी तो शेवटच्या क्षणी घातला होता. हाताच्या खुणांची जुनी बोली. अहिफणा म्हणजे नागाचा फणा केला की स्वर, कमळ केलं की क चा वर्ग, चक्र फिरवलं की च चा, धनुष्याचा टंकार म्हणजे ट चा, तरू म्हणजे झाड, त चा. खुणेच्या नावाचं पहिलं अक्षरच वर्ग सांगतं, पाठ करायला काही लागत नाही. मग बोटं दाखवायची, तीन बोटं म्हणजे वर्गातलं तिसरं. मात्रेला चुटक्या. शेवटच्या दोन वर्गांना यौवन आणि शृंगार आहेत, त्यांच्या खुणा आठवीच्या वर्गात करून दाखवायची माझी हिंमत झाली नाही, य ला यान म्हणजे गाडी आणि श ला शंख अशा आम्ही आमच्या केल्या.

जोड्यांनी माझ्या मोबाइलवर एकेक निरोप रेकॉर्ड केला, दुसऱ्या जोडीने प्रोजेक्टरवर बघून वाचायचा. पहिले सात व्हिडिओ बाद. पांढरा शर्ट, पाठीमागे पांढरी भिंत, बोटं चार की पाच कळेना. फळ्यासमोर उभं केलं, हात छातीपासून बाजूला धरायला लावला, खुणेनंतर एक सेकंद थांबायला सांगितलं, मग नीट. व्हिडिओ व्हॉट्सॲपने लॅपटॉपवर पाठवू नका, धूसर होतात, केबल लावा.

एका मुलाने विचारलं की यात किल्ली कुठे आहे. नाहीये! पाच जुलैचा प्रश्न चार आठवड्यांनी त्यांच्याकडून परत आला.

९ ऑगस्ट

राखी, सुट्टी. घरी रंगांचा व्हिडिओ केला. दोघं कधी भेटले नाहीत, सगळं बोलणं चोर ऐकतोय, तरी दोघांकडे एकच किल्ली कशी तयार होईल, ही डिफी आणि हेलमन यांची १९७६ सालची युक्ती. रंगात सांगतात : पिवळा सगळ्यांना माहीत, एकाचा गुपित लाल, दुसऱ्याचा गुपित निळा, मिसळून अदलाबदल, परत आपापला मिसळायचा.

आधी रांगोळी वापरली, घरात होती म्हणून. शेजारची सहावीतली बघत होती, म्हणाली, "हे तं चाळून येगळं करता येते." बरोबर आहे तिचं, दाणे दिसतात. मुद्दाच मेला. मग पोस्टर कलर पाण्यात, ९० रुपये. अंदाजे ओतले तर दोन ग्लासांत दोन वेगळे चॉकलेटी. औषधाच्या टोपणाने पाच-पाच मिली मोजून आणि मिश्रण पूर्ण ओतून केलं तेव्हा एकसारखे झाले. मोबाइलवर बघते तर परत वेगळे! एक ग्लास खिडकीजवळ, एक ट्यूबलाइटखाली, कॅमेरा प्रत्येक वेळी आपलाच रंग ठरवतो. शेवटी दोन्ही ग्लास एकाच फ्रेममध्ये ठेवून शूट केलं. आवाज गोधडीखाली बसून रेकॉर्ड केला, पंखा बंद, ऑगस्टमधला अमरावतीचा उकाडा, कुणी करू नका. साडेतीन मिनिटांच्या व्हिडिओला सहा तास.

१६ ऑगस्ट, शनिवार

काल झेंडा झाला, आज १९ जण. व्हिडिओ दाखवला, कळला. मग तेच आकड्यांनी, २३ तासांचं घड्याळ धरून. सगळ्यांना माहीत आकडा ५. आपल्या गुपित आकड्याइतके ५ एकमेकांशी गुणायचे आणि २३ ने भागून बाकी सांगायची.

मी गुपित घेतलं ४. ५ चा चौथा घात ६२५, भागिले २३, बाकी... ४. "मॅडम, तुमी तं गुपितच सांगून देलं." इतके आकडे सोडून मी नेमका तोच उचलला होता. बरं म्हटलं, ६ घेते. बाकी ८, छान. समोरच्याचं गुपित ३, त्याची बाकी १०. आता १० चा सहावा घात, २३ ने भागून बाकी... ६. किल्लीच माझं गुपित निघाली. पोरांना वाटलं असंच असतं, नियम आहे. तो समज काढायला पंधरा मिनिटं.

पुढच्यांसाठी, सरळ ७ आणि ३ घ्या. बाहेर सांगायचे आकडे १७ आणि १०, दोघांची किल्ली १४. घरून तपासून जा.

२३ ऑगस्ट

पोळ्यात शनिवार गेला.

३० ऑगस्ट, शनिवार

वारंवारता. वर्तमानपत्राचा एकच उतारा कापून प्रत्येकाला एक तुकडा, व्यंजनं मोजायची, फळ्यावर रेघा. आमच्या उताऱ्यात र सगळ्यात पुढे, त मागोमाग. बेरीज एक्सेलमध्ये टाकून स्तंभालेख पडद्यावर, तेच सरकवलेल्या उताऱ्याचं, दोन्ही आलेख शेजारी. शिखरं तीन घरं सरकलेली उघड दिसतात. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदीने हेच लिहून ठेवलं होतं, तेही कॉम्प्युटर नसताना.

मग सकळ लिपी. आमच्यापासून रिद्धपूर लांब नाही, म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केलं ते गाव. महानुभावांनी पुढे आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले, एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर किंवा खूण. बाहेरच्यांना ते कित्येक शतकं वाचताच येईनात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे, वि. ल. भावे या मंडळींच्या संशोधनामुळे ते साहित्य बाहेर आलं. वर्गातल्या एका मुलाचे आजोबा पंथातले. तो इतके दिवस गप्प असायचा, आज त्यानेच अर्धा तास बोलून घेतला. मी ज्या स्लाइड केल्या होत्या त्या तशाच राहिल्या, आणि बरंच झालं.

वर्गाने विचारलं, आज आपण आलेखाने फोडली असती का? मी म्हटलं उतारा मोठा मिळाला तर फोडली असती. त्या मुलाला ते फारसं आवडलं नाही. खरं तर तो प्रश्न मी जरा घाईत उडवला.

१३ सप्टेंबर, शनिवार

मागचा शनिवार अनंत चतुर्दशीचा. या पंधरवड्यात मात्रांचं भोक बुजवण्याचं काम दोन गटांकडे होतं, त्यांनी बाराखडीचं दुसरं चक्र करून आणलं. बारा घरं, तीस-तीस अंश, कोनमापकाला पुन्हा आनंद. पण अं आणि अः ची घरं नडली. नांदगावमधल्या नां ला काना पण आहे आणि अनुस्वार पण, एका घरात कसा बसवणार? त्यांनी ती दोन घरं पुसून तिथे ॲ आणि ऑ टाकले, बॅट आणि डॉक्टरसाठी, आणि अनुस्वार तसाच सोडून दिला. मला हे सुचलं नसतं.

व्यंजनाची किल्ली ३, स्वराची २ :

एप्वी क्षेढ्ढू ईज्ञो

हे आता बोललं तर कोणत्यातरी दुसऱ्या राज्यातली भाषा वाटते. ३६ गुणिले १२ म्हणजे ४३२ किल्ल्या. तरी दुसऱ्या गटाने फोडलं, अकरा मिनिटांत, कारण शेवटचा शब्द दोन अक्षरी तो दोन अक्षरीच. म्हणून आता शब्द तोडून पाच-पाच अक्षरांचे गट करून लिहितात, तारेने गुप्त निरोप पाठवायचे तेव्हा करायचे तसं. अजून कुणी फोडलेलं नाही, पण उलगडणाऱ्यालाही शब्द कुठे तुटतात ते लागत नाही, भांडणं होतात.

व्हॉट्सॲपचा ६० आकडी सुरक्षा कोड दोन शिक्षकांच्या मोबाइलवर उघडून प्रोजेक्टरवर शेजारी ठेवला आणि पोरांनी ओरडून जुळवला. ओटीपीवर वीस मिनिटं बोलले, घरून दोन प्रसंग आले, ते इथे लिहीत नाही.

हिशोब : प्रिंट ७५, कार्डशीट १८०, टिचबटणं ६०, केबल १२०, रंग ९०, एकूण ५२५ रुपये, त्यातले १९५ फुकट गेले (प्रिंट आणि केबल). वर्गाबाहेरचा वेळ साधारण ३० तास, त्यातला निम्मा व्हिडिओंवर.

बाकी राहिलेलं : कृ चा ऋकार अजून कुठल्याच चक्रात नाही, कृष्णा नावाची पोरगी सारखी तक्रार करतेय. सतरंज्या शिपाईकाकांना परत द्यायच्यात. फळ्यावर आज कुणीतरी पाच-पाचच्या गटात चार ओळी लिहून गेलंय, फोटो काढून आणलाय, रात्रीचे साडेदहा झाले, किल्ली लागत नाहीये.